बोळक्याचा दिवा

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला पाठ लावून बसलात तर शेवट ऐकू येणार नाही, कारण या गोष्टीचा शेवट हळू आवाजातला आहे. कीर्तनात बुवा आधी निरूपण करतात, मग बुक्का लागतो, हार पडतो आणि आख्यान सुरू होतं. आपल्याजवळ निरूपण काही नाही, आख्यान तेवढं आहे. बहारीनमधल्या एका बापाचं, त्याच्या लेकीचं आणि पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तोंडात एकही दात नसलेल्या एका सापाचं. देवाचं नाव घ्या आणि ऐका.

नव्व्याण्णव सालचा सप्टेंबर होता, शुक्रवारची सकाळ. अदलिया भागातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जयप्रकाश चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. स्मिता भांडी विसळत होती. तिचा हात वळला, हिरवी बांगडी नळाच्या तोटीवर आपटली आणि दोन तुकडे सिंकमध्ये पडले. "अगंबाई, वाढली," स्मिता म्हणाली. "लागलं नाही ना?" त्यानं विचारलं. "छे, नुसती वाढली." तिनं तुकडे उचलून वर्तमानपत्रावर ठेवले आणि परत भांड्यांना हात घातला. एवढंच झालं. पण जयप्रकाश दारातून हलला नाही. तो कशाची तरी वाट बघत होता. गेली बावीस वर्षं एसी आणि चिलर यांच्यात गेलेला माणूस. पंखा सुरू झाल्यावर थोड्या वेळानं कॉम्प्रेसर खट्कन लागायला हवा, तो लागला नाही की बोलता बोलता त्याचे कान टवकारत. तसे ते आता हॉलच्या दिशेनं टवकारले होते. काहीतरी यायला हवं होतं, ते आलं नव्हतं. मग त्याच्या ध्यानात आलं. हॉलमधून कुणी "मीन्स?" असं विचारलं नव्हतं.

विचारणार कोण. अनुष्का जुलैपासून पुण्याला होती, आत्याकडे, अकरावीला. नाहीतर तो शब्द घरात दिवसातून दहा वेळा यायचा. "अनू, पडदा ओढ." "मीन्स? ओपन ऑर क्लोज?" "अनू, कुकर उतरव." "मीन्स? गॅस ऑफ करू?" सोफ्यावर पुस्तक उपडं ठेवून, मान वर करून, अगदी सरळ चेहऱ्यानं विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत जागची हलायची नाही. पाहुणे हसायचे. जयप्रकाश मात्र तडकायचा. "मराठी आईबापांच्या पोटी जन्मलीस ना? पडदा ओढ म्हणजे काय ते इंग्रजीत लिहून देऊ?" इंग्रजी शाळेची मिजास, दुसरं काय, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. पोरगी लहान असताना असं विचारायची का, ही सवय तिला कधी लागली, हे त्याच्या मनात कधी आलंच नाही. आज वर्तमानपत्रावरच्या त्या दोन हिरव्या तुकड्यांकडे बघताना ते आलं. वाढली. स्मितानं किती सहज म्हटलं. बांगडी फुटली असं त्याच्या आईनंही कधी म्हटलं नव्हतं. गुहागरजवळच्या त्या घरात काही फुटत नसे, विझत नसे, संपत नसे. बांगडी वाढायची, नारळ वाढवायचा, वाणी दुपारी दुकान वाढवून जेवायला जायचा. कीर्तनात बुवांच्या मागे झांज धरून उभे राहणारे त्याचे वडील, कीर्तन आटोपलं आणि माणसं पांगली की देवळातली समई फुंकत नसत. फुलाच्या पाकळीनं वात तेलात मागे सारत आणि म्हणत, चला, दिवा वाढवला. सापाला साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. अभद्र शब्दाला उंबऱ्याच्या आत यायचं असेल तर अंगावर काहीतरी पांघरून यावं लागे, आणि बहुतेक वेळा ते पांघरूण 'वाढण्या'चंच असे. दिवा वाढव. अनू आणि तो दिवा. जयप्रकाशनं अर्धा कप तसाच ओट्यावर ठेवला. स्मितानं मागे वळून पाहिलं. "काय हो?" "काही नाही," तो म्हणाला, आणि कोठीच्या खोलीकडे गेला.

वाजवायच्या पेटीच्या मागे, जुन्या चादरीखाली ती काचेची टाकी होती. तीन वर्षांत कुणी तिला हात लावला नव्हता. वर पत्र्याची टोपी, टोपीत होल्डर, होल्डरात बल्ब, आणि बाजूला त्यानं स्वतः बसवलेला गोल रेग्युलेटर. त्या रेग्युलेटरचा त्याला कोण अभिमान होता. नजीबभाईंनी टाकी आणून दिली तेव्हा तिच्यावर नुसता बल्ब होता, लावला तर लागला, काढला तर गेला. "असं चालणार नाही," जयप्रकाश म्हणाला होता. "जनावराला हवं तेवढंच ऊन मिळालं पाहिजे." आणि कामावरून रेग्युलेटर आणून, थर्मामीटर लावून, पाव फेऱ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका अनूकडून काढून घेतला होता. एसी चालू असला की ठिपक्यावर. एसी बंद, तर दिवा बंद.

नजीबभाई मूळचे रत्नागिरीचे, मुहर्रक बेटावर एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे कारकून. मोंबासाहून आलेल्या लाकडांत ते जनावर निघालं. खाली मजुरांनी "फुरसं, फुरसं" म्हणून काठ्या घेतल्या, कारण रंग तोच, पाठीवरची नक्षी तशीच, आणि वेटोळं वेटोळ्यावर घासून करवतीसारखा खरखर आवाज काढणंही हुबेहूब फुरशाचं. नजीबभाई पुढे झाले, तर त्यानं तोंड वासून त्यांच्या हातावर झेप घेतली. "आणि काय सांगू जयप्रकाशभाऊ, हातावर ओरखडापण नाय. आमची आजी पापा घ्यायची ना कवळी काढून, अगदी तसं वाटलं. आत नुसतं बोळकं." म्हणून नाव बोळक्या. पक्षी पाळणाऱ्या एका गोऱ्यानं पुस्तक उघडून दाखवलं, की हा बिनविषारी, आफ्रिकेतला, आयुष्यभर फक्त पाखरांची अंडी खातो, आणि दात नाहीत म्हणून विषारी भावाचं सोंग आणून जगतो. नजीबभाईंच्या घरी खदिजाभाभींची चिमणीहून लहान पाखरं पिंजऱ्यात होतीच. बोळक्याचं बस्तान बसलं. पण शहाण्णवच्या मे महिन्यात अल्फियाचं, म्हणजे त्यांच्या लेकीचं, लग्न रत्नागिरीला ठरलं, दोन महिन्यांची लीव्ह घेतली, आणि टाकी काखोटीला मारून नजीबभाई अदलियाला आले.

"अंडी?" स्मितानं दारातच विचारलं होतं. "माझ्या घरात?"

"वहिनी, कोंबडीची नाय हो. शेंगदाण्याएवढी असतात. आणि नर नसताना घातलेली, त्यात जीवच नाय. तुमच्या साबुदाण्याहून शाकाहारी." नजीबभाई टाकी खाली ठेवून घाम पुसत होते. "माझ्या घरात न चावणारा हा एकटाच. म्हणून जपतो त्याला."

"आणि सगळ्यांत जास्त कोण चावतं, ते पण सांगा," मागून खदिजाभाभी म्हणाल्या.

अंड्यांची सोय भाभींची बहीण महमुदा करणार होती. दर गुरुवारी तिच्याकडून काडेपेटी यायची, आत कापूस, कापसात दोन किंवा तीन अंडी. स्मितानं फ्रीजच्या दारात तिला एक वेगळा कप्पा दिला आणि त्या कप्प्याकडे बघायचं नाही असं स्वतःशी ठरवून टाकलं. पहिले चार दिवस जयप्रकाशही टाकीपासून दूर बसे. बोळक्या वेटोळी घासू लागला की तो पाय वर घेऊन बसे. लहानपणी देवळाच्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर त्यानं हाच आवाज ऐकला होता, आणि वडिलांनी एक शब्द न बोलता त्याला दंडाला धरून मागे ओढलं होतं. तो दंड अजून दुखल्यासारखा होई. पण अनूला कुठलं फुरसं आणि कुठला गडगा. बारा वर्षांची पोर, पहिल्या गुरुवारी अंडं तळहातावर थोडा वेळ गरम करून आत ठेवलं, टाकीवर टॉवेल टाकला आणि एक कोपरा वर करून बघत बसली. "बाबा, कम. श्श्." तो गुडघ्यांवर बसला. बोळक्यानं अंड्याभोवती जीभ फिरवली, वास घेतला, विचार केल्यासारखा थांबला. मग तोंड उघडलं, ते उघडतच गेलं. त्याच्या डोक्याहून दुप्पट ते अंडं, आणि ओठांची कातडी ताणून ताणून त्याच्यावरून अशी सरकत होती, की अंडं आत जातंय की साप त्याच्यावर चढतोय ते कळेना. गळ्यात गोळा झाला. मग त्यानं मान वाकवली, आणि त्या शांततेत एक आवाज आला, टिक्. गोळा बसला. थोड्या वेळानं रिकामं कवच चपटं होऊन, घडी घातलेल्या द्रोणासारखं, तोंडातून अलगद बाहेर आलं. दोघं बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. अनूनं ते कवच धुऊन स्मिताच्या जुन्या कुंकवाच्या डबीत ठेवलं.

आता कोठीत, चादरीखाली, टाकीच्या कोपऱ्यात ती डबी त्याला सापडली. आत कापसावर कवचं होती. तो मोजायला गेला नाही. झाकण लावलं. त्या सहा आठवड्यांत पोरगी मराठी बोलायला लागली होती, हे त्याला आठवलं. आधी सगळं समजायचं तिला, पण उत्तर इंग्रजीत. बोळक्यासाठी तिला शब्द हवे झाले. बोळकं म्हणजे काय, वेटोळं म्हणजे काय. त्याचे डोळे दुधाळ झाले आणि त्यानं अंडं नाकारलं तेव्हा ती रडकुंडीला आली, तर जयप्रकाश म्हणाला, "अगं, आजारी नाही तो, कात टाकणार आहे." "कात," ती म्हणाली. "कात टाकली, कात टाकणार, कात टाकतोय." कात पडल्यावर ती कागदासारखी झिरझिरीत लांब पट्टी बोटावर घेऊन सकाळी त्याला उठवायला आली होती. "बाबा, उठा, बोळक्यानं कात टाकली." अख्खं वाक्य, शुद्ध. तो अंथरुणात उठून बसला, तर डोळ्यांत पाणी आलेलं. संध्याकाळी तो पेटीवर सराव करायला बसे, ती टाकीजवळ बसे, आणि बोळक्या ठिपक्याएवढ्या उन्हात वेटोळं सैल सोडून पडलेला असे. त्याला कान नसतात, हे नजीबभाईंनी सांगितलं होतं. तरी भैरवी वाजवताना जयप्रकाशला वाटायचं, ऐकतोय.

सराव चालला होता तो पांडुरंगबुवांसाठी. बुवा भारतातून आले होते, मनामाच्या हॉलमध्ये जूनमधल्या एका शुक्रवारी सकाळी त्यांचं कीर्तन होतं, आणि पेटीची साथ जयप्रकाशनं करायची होती. वडील ज्या जागी उभे राहत, बुवांच्या डाव्या हाताला मागे, त्या जागी बसायचं. आठ दिवस त्याला नीट झोप नव्हती. त्या सकाळी सोवळ्यातलं उपरणं, कपाळाला गंध, खांद्याला पेटीचा पट्टा. स्मिता प्रसादाचा डबा घेऊन आधीच खाली गेली होती, त्यांना न्यायला आलेल्या विलासची गाडी खाली हॉर्न देत होती. घर सोडताना एसी बंद करायचा, हा त्याचा नेम. रिकाम्या घरात चालू राहिलेल्या विंडो एसीच्या वायरी जळलेल्या त्यानं कामावर पाहिल्या होत्या. हिशेब त्यानं रात्रीच करून ठेवला होता. दारं-खिडक्या, पडदे बंद, दुपारपर्यंत खोली तेहतीस-चौतीसला जाईल, दिवा बंद असला तर आफ्रिकेतल्या जिवाला तेवढं सोसेल. त्यानं एसी बंद केला. दारात चपला घातल्या. आणि पाठमोऱ्यानंच आत आवाज दिला. काय आवाज दिला?

तीन वर्षं त्याला पक्कं ठाऊक होतं की आपण दिवा बंद करायला सांगितला. कोठीत उकिडवं बसून तो आज ते वाक्य शोधू लागला, आणि त्याला ते सापडेना. सांगितलेली गोष्ट आठवत होती, शब्द आठवत नव्हते. कामावर तो म्हणाला असता, ऑफ कर. एरवी घरीही तेच म्हणाला असता. पण ती सकाळ एरवीची नव्हती. अंगावर उपरणं होतं, खांद्यावर पेटी होती, जिभेवर आठ दिवस आईवडिलांची भाषा मुरत होती. त्यानं हात पुढे केला आणि रेग्युलेटर फिरवला. धुळीनं घट्ट बसलेला तो करकरत फिरला, लाल ठिपका मागे पडला, बोटांना शेवटचा अटकाव लागला. आणि त्या अटकावाबरोबर त्याला आवाज ऐकू आला, स्वतःचा. अनू, बोळक्याचा दिवा वाढव आणि दार ओढून ये. तो तसाच बसून राहिला, बोटं बटणावर. कारण गोष्ट तिथं संपत नव्हती. त्या वाक्याच्या मागून, हॉलमधून, आणखी एक आवाज आला होता. "फुल, बाबा?" आणि खाली हॉर्न वाजत होता, आणि तो जिन्याची पहिली पायरी उतरला होता, आणि म्हणाला होता, "हो हो, पूर्ण. चल लवकर."

तिनं विचारलं होतं. एकदा नीट विचारून घेतलं होतं.

निरूपण त्या दिवशी भूतदयेचं होतं. मुंगीच्या पायातले घुंगरूसुद्धा देवाला ऐकू येतात असं बुवा म्हणाले, आणि पेटीवर बोटं असतानाच जयप्रकाशचे डोळे भरून आले. लोकांनी नंतर त्याचं कौतुक केलं. अनू पहिल्या रांगेत बसून त्याच्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा असा फुलला होता की बुवांनी तिला मुद्दाम बोलावून हार दिला. महाप्रसाद झाला, आवराआवर झाली, घरी यायला चार वाजले. दार उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ आली. बोळक्या पाण्याच्या वाटीत होता, म्हणजे जेवढा मावेल तेवढा होता, बाकीचा बाहेर पडला होता, पोट वर. वाटी कोरडी. तोंड उघडं, आणि ते गुलाबी, रिकामं बोळकं. वर बल्ब पांढरा जळत होता. जयप्रकाशला रेग्युलेटर दिसला, शेवटापर्यंत फिरवलेला. "हे काय केलंस?" तो म्हणाला. अनू हार हातात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "यू सेड वाढव." आणि त्यानं तो शब्द ऐकला तो तिच्या इंग्रजी उच्चारात, ऐकला तो तिच्याच अर्थानं. वाढव? मी, आणि वाढव म्हणेन? या गरमीत? "माझ्या तोंडावर खोटं बोलतेस?" स्मिता मध्ये आली, "अहो, पोर आहे, चुकून झालं असेल." "चुकलं तर चुकलं म्हणावं. खोटं कशाला? सकाळी भूतदया ऐकून आलीस आणि दुपारी हे." पोरगी रडली नाही. हार टाकीवर ठेवला आणि आतल्या खोलीत गेली. संध्याकाळी त्यांनी बोळक्याला खाली बोगनवेलीच्या बुंध्याशी पुरलं. ती आली नाही.

आणि एवढ्यावरही भागलं नव्हतं. जुलैत नजीबभाई लाडूंचा डबा घेऊन आले. जयप्रकाश त्यांना दारातच म्हणाला, "नजीबभाई, तोंड दाखवायला जागा नाही. अनूच्या हातून दिवा राहिला. या पोरांना मराठी धड कळत नाही हो, सांगावं एक, करतात एक." हे तिच्या देखत. नजीबभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे बेटा, त्याची तेवढीच होती. खलास." आणि अनूनं मान वर करून स्वच्छ मराठीत म्हटलं होतं, "माझी चूक झाली, नजीबचाचा." त्यानंतर ती मराठीत असं वाक्य घरात बोलली नाही. त्यानंतर सुरू झालं, मीन्स. ओपन ऑर क्लोज. गॅस ऑफ करू. तिची मिजास नव्हती ती. ती प्रत्येक शब्द उचलून, खाली बघून, मगच पाय ठेवत होती.

तो उठला तेव्हा पाय बधिर झाले होते. स्मिताला त्यानं एवढंच सांगितलं, "ती खोटं बोलली नव्हती." स्मितानं ओले हात पदराला पुसले. कशाबद्दल, असं तिनं विचारलं नाही. "मला वाटायचं ते," ती म्हणाली. "पण तुम्ही इतके खात्रीनं बोलत होता." त्यानं गाडीची किल्ली घेतली. जुम्म्याची नमाज सुटली होती, मुहर्रकच्या पुलावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं भरलेल्या गाड्या परतत होत्या, दोन्ही बाजूंना पाणी इतकं चकाकत होतं की त्याला डोळे बारीक करावे लागले. एका वाक्यासाठी एवढं लांब चाललोय, असं त्याला वाटलं. तीन वर्षांपूर्वी ते चार पावलांवर होतं, आतल्या खोलीत.

नजीबभाई लुंगीवर बसले होते, खदिजाभाभी पाखरांना दाणे घालत होत्या. जयप्रकाशनं उभ्यानंच सगळं सांगितलं. सांगताना त्याला कळलं की ऐकायला फार थोडं आहे; एक शब्द, एक प्रश्न, एक हो. नजीबभाईंनी त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"दिवा वाढव," ते हळूच म्हणाले. "आमची आई पण असंच म्हणायची, रे. कंदील वाढव, झोप आता." मग ते जयप्रकाशकडे वळले. "तेव्हा हा शब्द मला सांगितला असतास, तर तिथंच दारात सोडवून दिला असता. तू शब्द सांगितलाच नाहीस भाऊ. नुसती पोरगी सांगितलीस."

जयप्रकाशची नजर समोरच्या फोनकडे गेली.

"बसताय काय," खदिजाभाभी म्हणाल्या. "फोन समोर हाय. यल्ला, चला, लावा."

"घरी जाऊन लावतो, भाभी."

"घरी जाईपर्यंत तुम्ही परत इंजिनियर व्हाल. लावा इथून."

फोन आत्यानं उचलला, अनूला हाक मारली. तिकडे संध्याकाळ होत आली होती. कुणाच्या तरी गॅलरीतला पोपट ओरडत होता, तो इतका जवळ वाटत होता की जयप्रकाशला धीर आला. "हाय बाबा. इज आई ओके?" "आई ठीक आहे. अनू, ऐक. बोळक्याच्या दिव्याचं. तू खरं बोलली होतीस." लाइनीत खरखर झाली. वेटोळं वेटोळ्यावर घासल्यासारखी. मग ती म्हणाली, "म्हणजे?"

पहिल्यांदाच त्या प्रश्नाचा त्याला राग आला नाही. तो सांगू लागला. एक एक शब्द, जसा तिनं अंडं तळहातावर गरम करून मग आत ठेवलं होतं तसा. म्हणजे मी वाढव म्हणालो होतो. म्हणजे आमच्या घरी त्याचा अर्थ बंद कर असा होता, आणि तो तुला मी कधी सांगितला नव्हता. म्हणजे तू मला विचारलंस, फुल, आणि मी हो म्हणालो. म्हणजे बोळक्या माझ्या हातून गेला, आणि मी नजीबचाचांना तुझं नाव सांगितलं. मी आता त्यांच्याच घरी बसलोय, त्यांना खरं सांगून झालंय. म्हणजे तुझी चूक नव्हती, अनू. कुठेच नव्हती.

पोपट थांबला होता.

"आय नो, बाबा," ती म्हणाली. "इथं आल्यावर आत्या पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, देवापुढचा दिवा वाढव. मी वात पुढे केली. ती हसली. मग तिनं अर्थ सांगितला." मग श्वास घेतल्याचा आवाज आला, आणि पुढचं वाक्य मराठीत आलं, हळूहळू, जपून. "मला अर्थ माहीत नव्हता, बाबा. पण तुम्हाला तर तुमचा शब्द आणि त्याचा अर्थ माहीत होता ना? मला वाटलं, तुम्हाला सगळं आठवतंय. आठवतंय, तरी तुम्ही माझं नाव सांगितलंत. मला तीन वर्षं तेच वाटत होतं."

त्यानं रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला. तीन वर्षं आपण एकाच टेबलावर तिच्याबरोबर जेवत होतो. पडदा ओढ म्हणत होतो. आणि समोर बसलेल्या लेकीच्या लेखी आपण खोटं बोलणारा बाप होतो, हे आत्ता कळत होतं. "नाही गं," तो म्हणाला. "नाही. मला नव्हतं आठवत." ती म्हणाली, "ओके." आणि थोड्या वेळानं, "ओके, बाबा. रडू नका." खदिजाभाभींनी पिंजऱ्यावर कापड टाकलं आणि नजीबभाईंना खुणेनं बाहेर बोलावलं.

इथं आख्यान थांबतं. पुढे बापलेकीचं जे झालं ते त्यांचं त्यांना. बोगनवेल अजून आहे, त्या मातीत एक बिनदाताचा जीव आहे, ज्यानं जन्मभर कुणाला ओरखडा काढला नाही. माझं मागणं एवढंच. घरी जाल, देवापुढची समई वाढवायला कुणाला सांगाल. वात मागे सारण्याआधी, ज्याला सांगत असाल त्याला आपला शब्द कळला का, हे एकदा विचारा, आणि क्षणभर त्या पोरीची आठवण ठेवा, जिनं हॉलमध्ये उभं राहून विचारलं होतं, फुल, बाबा?